दलित कथेतील दोन चोऱ्या

१

१९७३ साली परस्परांची गंधवार्ताही नसलेले दोन कथासंग्रह प्रसिद्ध झाले. एक कन्नडातला, देवनूर महादेव यांचा ‘द्यावनूरु’. दुसरा इंग्रजीतला, ॲलिस वॉकर यांचा ‘इन लव्ह अँड ट्रबल’. पहिल्याचा कर्ता म्हैसूरजवळच्या नंजनगूड तालुक्यातला, पंचविशीतला दलित तरुण होता. दुसऱ्याची कर्ती अमेरिकेच्या दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात, बटाईने जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेली. दोघांच्याही भोवती तेव्हा चळवळींचा गजर चालू होता. पण दोघांच्याही कथांचा जीव सभा-मोर्च्यांत नाही, तो घराच्या उंबऱ्याच्या आत आहे. आई आणि लेक, म्हातारा आणि अनाथ पोर, चुलीभोवती बसलेले गणगोत ही या कथांची सृष्टी. आपण कोण आहोत, हा प्रश्न या माणसांना पडतो तो जेवताना, पांघरूण वाटून घेताना, पाहुणा दारात आला असताना.

कृष्णवर्णीयांचे वाङ्मय आणि दलित वाङ्मय यांची तुलना मराठी समीक्षेला नवी नाही. अमेरिकेत अध्ययन करून आलेले म. ना. वानखेडे यांनी तिच्याकडे लक्ष वेधले. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ (१९७८) या ग्रंथात तो विषय विस्ताराने मांडला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. या तुलनेने मराठी वाचकाची दृष्टी विशाल झाली, यात संशय नाही. परंतु ती तुलना बहुतांशी विद्रोहाच्या अंगणात झाली. दोन्ही वाङ्मयांचा समान धर्म म्हणजे संताप, असे गृहीत धरले गेले. आणि मग कथेचे मोल ती किती तीव्रतेने नकार देते यावरून ठरू लागले. सौंदर्यवादी समीक्षकाने त्या तीव्रतेला प्रचार म्हटले, सामाजिक समीक्षकाने तिला दस्तऐवज म्हटले. कथा म्हणून ती वाचण्याचे काम दोघांकडूनही मागे पडले.

लघुकथा हा प्रकार मुळात अल्पावकाशी आहे. इतिहास तिच्यात मावत नाही. इतिहासाने एका घरात काय केले, एवढेच मावते. म्हणून दलित कथेचे परीक्षण तिच्यातील घराच्या अंगाने केले, तर विद्रोहाच्या मापात न बसलेल्या पुष्कळ गोष्टी दिसू लागतात. दोन कथा त्यासाठी शेजारी ठेवण्याजोग्या आहेत. दोन्हींत चोरी आहे. एकीत शेंगा चोरल्या जातात, दुसरीत जात.

२

देवनूर महादेव यांची ‘ओडलाळ’ ही दीर्घकथा. ‘ओडलु’ म्हणजे शरीर, पोट. ‘आळ’ म्हणजे खोली. पोटाचा ठाव आणि अंतरंगाचा तळ असे दोन्ही अर्थ या एका शब्दात सामावतात आणि कथाही या दोन्ही अर्थांनी चालते. साकव्वा नावाची म्हातारी आपला हरवलेला कोंबडा शोधत वस्तीभर हिंडते आहे. तिचे घर मुलासुनांचे, नातवंडांचे, भांडणांचे आणि अर्धपोटी रात्रींचे. त्या घरात एका रात्री सावकाराच्या चोरलेल्या भुईमुगाच्या शेंगा येतात. सारे घर विस्तवाभोवती बसते. लहानथोर शेंगा खातात, टरफले विस्तवात जातात, रात्र सरते. नंतर पोलीस झडतीला येतात.

सारांश इतकाच, पण या रात्रीच्या चित्रणात महादेव यांनी जे साधले आहे ते कोणत्याही निषेधाने साधले नसते. दिवसा एकमेकांच्या उरावर बसणारी ही माणसे त्या विस्तवाभोवती प्रथमच एक कुटुंब दिसतात. पोट भरत जाते तशी थट्टा येते, जुन्या गोष्टी निघतात, रुसवे सुटतात. चोरी हा शब्द वाचकाच्या मनात येतो. त्यांच्या मनात तो क्वचितच येतो. ज्या जमिनीत त्यांच्या पिढ्यांनी घाम गाळला, तिच्यातले मूठभर धान्य त्यांच्या घरात आले आहे. लेखक हे म्हणत नाही. तो फक्त टरफलांचा जाळ दाखवतो आणि त्या जाळात उजळलेले चेहरे.

त्याच घरातील एका पोरीने भिंतीवर मोर काढला आहे. झडतीला आलेल्या सरकारी डोळ्यांना त्या घरात जप्त करण्यासारखे काही सापडू नये, आणि भिंतीवर मात्र मोर असावा, हा योग समीक्षकांना प्रतीक म्हणून मोह घालणारा आहे. तो मोह आवरलेला बरा. मोर तिथे आहे याचे कारण त्या घरात एक मूल आहे आणि मुले भिंतीवर चित्रे काढतात. दारिद्र्याच्या वर्णनात मुलाच्या हातचा मोर दिसावा इतकी लेखकाची नजर त्या घरात रुळलेली आहे, हे खरे महत्त्वाचे. बाहेरून आलेला कनवाळू लेखक त्या भिंतीवर केवळ ओल पाहून परतला असता.

‘अमासा’ या कथेत तर रक्ताचे घरही नाही. अमावास्येला जन्मला म्हणून अमासा हे नाव पडलेला अनाथ पोर मारी देवीच्या देवळात एका म्हाताऱ्याच्या आश्रयाने वाढतो. देवीच्या उत्सवात वाघाचे सोंग घेऊन तो नाचतो आणि एरवी ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही तो पोर सर्वांच्या डोळ्यांत भरतो. गावाला वाघ दिसतो. म्हाताऱ्याला आपला पोर दिसतो. ही दोन पाहणी वेगळी आहेत, आणि कथेतील सारी करुणा त्या वेगळेपणातून येते. या कथेचा इंग्रजी अनुवाद करण्यास ए. के. रामानुजन यांच्यासारखा कवी प्रवृत्त झाला, यात नवल नाही.

येथे ॲलिस वॉकर यांची ‘एव्हरीडे यूज’ आठवते. शहरात शिकून आलेली, आफ्रिकी नाव धारण केलेली थोरली लेक खेड्यातील आईकडे येऊन आजीने शिवलेल्या गोधड्या मागते. तिला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. धाकटी अशिक्षित मुलगी त्या पांघरणार आहे, वापरून विरवणार आहे. आई गोधड्या धाकटीच्या ओटीत टाकते. अस्मितेचा अभिमान आणि अस्मिता जगणे यांतील अंतर इतक्या सहजपणे क्वचितच दाखवले गेले असेल. वॉकर थोरलीची टिंगल करत नाहीत. तिचा अभिमानही खऱ्या जखमेतून आलेला आहे. तथापि देवळातल्या वाघाला कलाप्रकार म्हणून पाहणारा प्रेक्षक आणि गोधडीला कलावस्तू म्हणून पाहणारी लेक यांचे नाते लक्षात आले, की कर्नाटकाची दक्षिण आणि अमेरिकेची दक्षिण यांतले समुद्र थोडे अरुंद होतात.

३

दुसरी चोरी मराठीतली. बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला, म्हणजे ‘द्यावनूरु’च्या दहा वर्षे आधी. शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरी लागलेला तरुण आहे. परगावी राहायला जागा हवी. जागा मिळण्यासाठी जात सांगणे अवश्य. आणि जात सांगितली तर जागा मिळणे अशक्य. तो जात दडवतो. ज्या घरात तो राहतो तिथे त्याला मान मिळतो, माया मिळते, त्याच्यातल्या कवीचे कौतुक होते. पुढे जात उघडी पडते आणि ज्यांनी माया केली त्यांच्याच हातचा मार तो खातो. काशिनाथ नावाचा, आपली जात न लपवणारा, चाकू बाळगणारा सहकारी त्याला सोडवतो.

या शीर्षकातील क्रियापदाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. मराठीत ‘चोरणे’ दोन परींनी वापरले जाते. दुसऱ्याची वस्तू चोरणे हा एक प्रकार. अंग चोरणे, काम चोरणे हा दुसरा. अंग चोरून बसलेला मनुष्य कोणाचे काही घेत नाही. तो आक्रसतो, आपल्या वाट्याची जागादेखील पुरती व्यापत नाही. बागुलांचा नायक जात चोरतो तो या दुसऱ्या अर्थाने. समाज त्याला शिक्षा करतो ती पहिल्या अर्थाने. एकाच शब्दात आरोपीचा जबाब आणि फिर्यादीचा आरोप दोन्ही भरून ठेवण्याची किमया मराठी भाषेने करून ठेवली होती. बागुलांनी ती ओळखली.

आता दोन्ही चोऱ्या एकत्र पाहाव्यात. ‘ओडलाळ’मधील चोरी घराला जवळ आणते, कारण तिच्यात सारे भागीदार आहेत आणि लपवायचे ते बाहेरच्यांपासून. बागुलांच्या कथेतील चोरी नायकाला त्याच्या आश्रयाच्या घरातच एकाकी करते, कारण लपवायचे आहे ते जेवायला वाढणाऱ्या हातापासून. साकव्वाच्या घरात अन्न नाही, पण स्वतःच्या घरात स्वतःचे नाव सांगायला भिण्याची पाळी कोणावर येत नाही. बागुलांच्या नायकाला ताट मिळते आणि प्रत्येक घासागणिक आपण कोण हे गिळावे लागते. खेड्यातून शहरात येताना दलित माणसाने काय मिळवले आणि काय गमावले, याचा हिशेब या दोन कथांच्या दरम्यान मांडलेला आहे.

अमेरिकन कथेशी तुलना करताना नेमक्या याच ठिकाणी सावध राहावे लागते. वर्ण कातडीवर असतो. जात आडनावात, गावाच्या नावात, बोलीत, ताटात असते. म्हणून वर्णभेदाच्या कथेत अस्मिता लपवण्याचा प्रश्न उजळ कांतीच्या थोड्यांपुरता उभा राहतो. आपल्याकडे तो शहरात येणाऱ्या प्रत्येकापुढे उभा आहे. चार्ल्स चेस्नट यांच्या १८९८ सालच्या ‘द वाइफ ऑफ हिज यूथ’ या कथेत उत्तरेतील एका शहरात प्रतिष्ठा पावलेल्या, उजळ वर्णाच्या गृहस्थाच्या दारात दक्षिणेतून एक म्हातारी, काळी, निरक्षर स्त्री येते. गुलामीच्या काळात झालेली ती त्याची बायको. वर्षानुवर्षे ती नवऱ्याला शोधत फिरते आहे आणि समोरच्या माणसाला तिने ओळखलेले नाही. तो गप्प राहिला असता तर कोणाला कळले नसते. ऐन समारंभात, निमंत्रितांसमोर, तो तिला आपली म्हणतो.

चेस्नट यांचा नायक स्वतः प्रकट होतो; बागुलांचा नायक पकडला जातो. हा फरक लेखकांच्या स्वभावाचा म्हणून सोडून देता येणार नाही. चेस्नट यांच्या नायकाभोवती निदान एक समारंभ आहे, स्वतःच्या समाजाची मंडळी आहेत, ज्यांच्यासमोर कबुली देता येते. बागुलांच्या नायकाभोवती असे कोणी नाही. काशिनाथ आहे, पण तो हातात चाकू घेऊन येतो, कारण अशा ठिकाणी आपल्या माणसाला ओळख देण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊक नाही. मार खाल्लेला नायक शेवटी मारणाऱ्या माणसांपेक्षा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मनूकडे बोट दाखवतो. या शेवटावर विचार बोलून दाखवल्याचा आक्षेप घेता येईल आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण ज्या घराने आत्ताच माया दिली त्याचा द्वेष करणे नायकाला जमत नाही, म्हणून त्याचे बोट लांबवर जाते, असेही ते वाचता येते. आणि तसे वाचले की घोषणा वाटणारे वाक्य दुःखाचे वाक्य होते.

४

घराविषयी बोलताना एका भावुकतेचा धोका संभवतो. बाहेर अन्याय आणि आत माया, अशी सोपी वाटणी करून समीक्षक मोकळा होतो. दलित कथेने ही वाटणी मान्य केलेली नाही.

बागुलांच्याच ‘आई’ या कथेतील शाळकरी मुलगा आपल्या तरुण, विधवा आईविषयी इतर मुलांनी केलेली निंदा ऐकून घरी येतो. बाहेरचा विखार त्याच्या डोळ्यांतून घरात शिरतो आणि आईकडे पाहण्याची त्याची दृष्टीच नासून जाते. जात बाहेर उभी राहून दगड मारत असती तर दार लावून घेता आले असते. येथे ती मुलाच्या मनात बसून आईचा न्याय करते. बंधुमाधव यांच्या ‘विषारी भाकरी’त हाच प्रश्न उलट दिशेने येतो. पाटलाच्या खळ्यावर अपमान गिळून मिळवलेली, शेणामुताने माखलेली शिळी भाकरी आजोबा घरी आणतात आणि तीच त्यांच्या मृत्यूचे कारण होते. शिकणारा नातू हे पाहतो. आजोबांची लाचारी त्याला सहन होत नाही. पण ती भाकरी घरासाठी आणलेली आहे हेही त्याला विसरता येत नाही.

स्त्रीलेखिकांनी ही गाठ अधिक सोडवून दाखवली. उर्मिला पवार यांच्या ‘कवच’ या कथेत कोकणातल्या बाजारात आंबे विकणारी आई आणि गिऱ्हाइकांचे द्वयर्थी बोल ऐकून शरमेने पेटणारा तिचा मुलगा आहे. मुलाला वाटते, आईने हा धंदाच करू नये. आईचे जिभेचे शस्त्र त्याला दिसते तेव्हा कळते, की ती इतकी वर्षे ज्याच्या आधाराने बाजारात उभी राहिली ते कवच तिने स्वतःच घडवले होते. ‘आई’ आणि ‘कवच’ या कथा एका बैठकीत वाचल्या, तर जवळपास एकाच प्रसंगाकडे मुलाच्या बाजूने आणि आईच्या बाजूने पाहिल्यास किती भिन्न कथा निर्माण होतात, हे ध्यानात येईल.

लुइझियानाच्या अर्नेस्ट गेन्स यांच्या ‘ब्लडलाइन’ (१९६८) या संग्रहात ‘द स्काय इज ग्रे’ ही कथा आहे. दातदुखीने बेजार झालेल्या मुलाला घेऊन आई कडाक्याच्या थंडीत शहरात जाते. गोऱ्यांच्या उपाहारगृहात शिरता येत नाही, खिशात पैसे मोजके. तरी ती कोणाची भीक घेत नाही, आणि मुलाला ताठ मानेने उभे राहण्याचा धडा देते तो प्रेमाच्या शब्दांनी नव्हे, कठोरपणाने. ही आई कोकणातल्या आंबेवालीची सख्खी बहीण शोभावी. माया दाखवणे हीही ज्यांना परवडत नाही अशा घरांत माया कोणत्या रूपाने राहते, हे या कथांतून कळते.

५

या विवेचनात बंगळूरचे स्थान काय, असे कोणी विचारील. महादेव यांची कथा नंजनगूडच्या बोलीत रुजलेली आहे; तिच्यात शहर जवळजवळ नाही. परंतु कन्नड दलित वाङ्मयाचा वाद ज्या रिंगणात खेळला गेला ते रिंगण पुष्कळ अंशी बंगळूरचे होते. नोव्हेंबर १९७३ मध्ये मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी म्हैसूरच्या सभेत कन्नड साहित्यातील बरेचसे ‘बूसा’, म्हणजे जनावरांचा कोंडा आहे, असे म्हटले आणि त्यावरून उठलेल्या वादळात त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. ‘द्यावनूरु’ त्याच वर्षीचा. मार्च १९७९ मध्ये धर्मस्थळ येथील कन्नड साहित्य संमेलनात दलित साहित्याला स्वतंत्र स्थान नाकारले गेले, तेव्हा लेखकांनी बंगळुरात वेगळे संमेलन भरवले आणि ‘बंडाय’ साहित्य संघटना उभी राहिली. मुंबईत १९५८ साली भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाची आठवण मराठी वाचकाला येथे व्हावी.

या शहराने आणखी एक गोष्ट केली. मागडी तालुक्यातून आलेले कवी सिद्धलिंगय्या (१९५४–२०२१) शहरातल्या श्रीरामपुराच्या वस्तीत वाढले आणि ‘ऊरु केरि’ या आत्मकथनात त्यांनी तो प्रवास सांगितला. ऊरु म्हणजे गाव, केरि म्हणजे गावाबाहेरची वस्ती. मराठीत गाव आणि महारवाडा म्हणावे तसे. त्या पुस्तकात जुवाला जुंपलेली माणसे लांबून पाहणाऱ्या मुलाला त्यांतला एकजण आपला बाप आहे हे दिसते. तरीही ‘ऊरु केरि’ विनोदाने भरलेले आहे, आणि हा विनोद पुष्कळांना गोंधळात टाकतो. दुःखिताने हसावे, हे आपल्या सहानुभूतीच्या चौकटीत बसत नाही. बंगळूर विद्यापीठात अध्यापन केलेले समीक्षक डी. आर. नागराज यांनी ‘द फ्लेमिंग फीट’ (१९९३) या ग्रंथात याच चौकटीवर बोट ठेवले: संतापाच्या भरात आपल्या दैवतांचा, गाण्यांचा, स्मृतींचा त्याग करणारी चळवळ स्वतःलाच दरिद्री करून घेते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. मारीच्या देवळातला वाघ आणि भिंतीवरचा मोर त्यांच्या म्हणण्याला साक्ष देतात.

यावर बागुलांचा वाचक उलट विचारील, की ज्या स्मृतीत केवळ मार आहे तिचे जतन का करावे? हा प्रश्न टाळता येणार नाही. मराठी दलित कथा महानगराच्या झोपडपट्टीत आणि धर्मांतराच्या प्रकाशात वाढली. जुन्या दैवतांचा त्याग हा तिच्यासाठी दारिद्र्याचा नव्हे, मुक्तीचा अनुभव होता. कन्नड कथा दैवतांच्या सान्निध्यात राहिली. दोघींचे सत्य वेगळे आहे. एकीचे माप दुसरीला लावणे अन्यायाचे होईल. एवढे मात्र म्हणता येते, की दोघींनीही जिथे घर पाहिले तिथे त्या सर्वांत खोल गेल्या. बंडायाच्या संस्कारात घडलेल्या बानू मुश्ताक यांच्या कथांना, ‘हार्ट लॅम्प’ या दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादाद्वारे, २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. त्या कथा मुस्लिम घरांतील स्त्रियांच्या आहेत. बंड हे नाव धारण करणारी चळवळ जगाच्या कानी गेली ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आज बंगळुरात, पुण्यात, मुंबईत खोली भाड्याने घेणाऱ्याला आडनाव विचारले जाते, आहार विचारला जातो. प्रश्न सभ्य भाषेत येतात, इतकेच. बागुलांची कथा साठ वर्षांची झाली, तरी तिचा पहिला प्रसंग जुना झालेला नाही. उत्तर देणाऱ्याने अंग चोरावे की नाव सांगावे, हे त्याचे तोच ठरवील. कथेने ते त्याच्यासाठी ठरवू नये. पण घरी परतल्यावर तो आपल्या मुलाला काय सांगतो, मुलगा ते ऐकून आईकडे कसा पाहतो, रात्री त्या घरात कोणत्या गोष्टी निघतात आणि कोणत्या निघत नाहीत, हे लिहिणारा कथाकार मराठीला आणि कन्नडाला हवा आहे. आणि तो आला, तर त्याच्या कथेत संताप पुरेसा आहे का, हे मोजण्यापूर्वी त्याच्या भिंतीकडे नीट पाहणारा समीक्षकही हवा आहे.